झाकुली कुठल्या गावची

९ नोव्हेंबर

भावोजी,

पाया पडतो असे लिहिले तर तुम्ही म्हणाल, काम असल्याशिवाय हा वाकत नाही. काम आहे, म्हणून सरळ उभा राहूनच लिहितो.

ताई गेल्यापासून तुमचे एकच पत्र आले, आणि त्यातले निम्मे माझ्या शुद्धलेखनावर खर्च झाले होते. जेवता ना वेळेवर? की अजून बिस्किटांवर भागवता?

आता काम. पुढच्या महिन्यात आमचे साहेब तुमच्या गावी सभा घेणार आहेत. त्यांची भाषणे मी लिहितो हे तुम्हाला पसंत नाही. पण लिहितो म्हणजे नेमके काय करतो, हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. भाषण एकच आहे. गेली तीन वर्षे तेच आहे. आमच्या कचेरीत म्हणतात, पातेले एक, फोडणी गावागावाची. फोडणीला गावाचे एक दुखणे लागते, साहेबांचे गावाशी एक नाते लागते आणि गावाच्याच तोंडचा एक शब्द लागतो. दुखणे वर्तमानपत्रात सापडते. नाते आम्ही ठरवतो. बहुतेक ठिकाणी आजोळ चालून जाते. साहेबांना आजवर नऊ आजोळे झाली आणि एकाही आजीने हरकत घेतलेली नाही. शब्द मात्र गावातूनच यावा लागतो.

मध्यंतरी एक घोटाळा झाला. बंदराची फोडणी चुकून डोंगरातल्या गावी गेली. साहेब म्हणाले, तुमच्या होड्या मी वाऱ्यावर सोडणार नाही. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी शिष्टमंडळ हजर, बंदर केव्हा बांधता म्हणून. त्यासाठी आता समिती नेमली आहे.

तर तुमच्या गावचा असा एक शब्द कळवा, जो ऐकताच लोकांना वाटेल, हा तर आपल्यातलाच. तुम्ही हयातभर वजनमापे तपासलीत. तुमच्याकडून आलेला शब्द तोलूनच येईल.

तुमचा
बारकू


१७ नोव्हेंबर

प्रिय बारकू,

पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थास या नावाने संबोधणे मला प्रशस्त वाटत नाही. परंतु तुझ्या ताईने तुझे दुसरे नाव या घरात कधी उच्चारलेच नाही, त्यामुळे माझा नाइलाज आहे.

मनुष्यास आजोळ एकच असते. दोन असल्यास चौकशी करावी लागते. नऊ असल्यास चौकशी नेमकी कोणाची करावी, हे मला सेवानियमांतही सापडले नसते.

गावाच्या दुखण्याविषयी. पुलाचा कठडा पडून तिसरे वर्ष चालू आहे. तेथे 'सावकाश जा' असा फलक लावण्यात आला होता. तोही पुढे नदीत पडला. वरच्या आळीस पाणी सकाळी थोडा वेळ येते, तेही करंगळीएवढे. या दोन्ही गोष्टी भाषणात घेण्यास माझी हरकत नाही, कारण त्या खऱ्या आहेत.

शब्दाविषयी अडचण आहे. मी या गावचा नव्हे. बदलीने आलो आणि राहिलो. माझी भाषा पुस्तकांनी आणि परिपत्रकांनी घडवली. तथापि एक शब्द सुचतो. नोकरीत असताना मला लांबच्या बाजारांत काटे तपासावयास जावे लागे. परतण्याची वेळ निश्चित नसे. वजन कमी भरते हे व्यापारी कबूल करीपर्यंत निरीक्षकास भूक लागण्याची मुभा नसते. घरी यावे, तो स्वयंपाकाच्या ओट्यावर एका ताटावर दुसरे ताट उपडे घातलेले असे, आणि ती आतून म्हणे, 'झाकुली ठेवलीय.' उशिरा येणाऱ्यासाठी झाकून ठेवलेला वाटा, तो झाकुली. उरलेले अन्न नव्हे. माणूस येणारच या खात्रीने, इतरांची ताटे वाढण्याआधी बाजूला काढलेले.

हा शब्द माझ्या घराण्यात नव्हता. कोशांत नाही, मी पाहिले आहे. लग्नानंतर आम्ही या गावी बिऱ्हाड केले आणि पहिल्याच महिन्यात तो तिच्या तोंडी आला. त्याअर्थी तिने तो शेजारपाजारी ऐकला असावा, म्हणजे तो याच गावचा असावा.

हा शब्द ऐकण्याचा प्रसंग आता येत नाही. लिहिण्याचा तरी आला, एवढ्यापुरते तुझ्या साहेबांचे आभार. शब्द जपून वापरावा. 'कु' ऱ्हस्व आहे.

बिस्किटांविषयी: होय.

तुझा
भावोजी


११ डिसेंबर

प्रिय बारकू,

'शब्द सोन्यासारखा आहे, चूक नक्की काढू नका' हे तुझे कार्ड पोचले. 'नक्की' या शब्दाचे तेथे प्रयोजन नव्हते.

काल सभा झाली. मी मागच्या रांगेत, धान्याच्या दुकानदाराशेजारी उभा होतो. मला निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली, तरी मी दिसताच या गृहस्थाचा हात आपोआप काट्यावरून उठतो. काल तर जवळ काटा नसतानाही उठला.

साहेबांनी हे आपले आजोळ असल्याचे जाहीर केले. म्हणजे दहा झाली. कठड्याचा उल्लेख झाला, पाण्याचा झाला. मग ते थांबले, त्यांनी चष्मा काढला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "उशिरा येणाऱ्या माणसासाठी तुम्ही काय ठेवता? झाकूली! विकास तुमच्याकडे यायला उशीर झाला, मान्य. पण तुमची झाकूली मी ठेवली आहे."

मैदान गप्प झाले. माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. हा शब्द आपल्याला ठाऊक नाही असे म्हणणारा पहिला कोण, एवढाच प्रश्न उरला होता. मग पुढच्या रांगेत कोणीतरी मान डोलावली, आणि मान डोलावण्याची साथ बघता बघता आमच्या रांगेपर्यंत आली. दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "आमची आजी अगदी हेच म्हणायची, निरीक्षकसाहेब." त्याच्या डोळ्यांत पाणी होते. टाळ्या थांबेनात.

'कू' दीर्घ उच्चारला गेला, ही बाब त्यांच्या नजरेस आणावी.

आणखी एक गोष्ट लिहावयास संकोच वाटतो. कर्ण्यातून तो शब्द आला, तेव्हा मी ओट्याकडे पाहावे तसे मागे वळून पाहिले. मागे सायकली होत्या.

तुझा
भावोजी


२२ डिसेंबर

भावोजी,

ऱ्हस्व 'कु' साहेबांना सांगितला. म्हणाले, दीर्घ ठेवू, लांबपर्यंत पोचतो.

तुमच्या शब्दाने कमाल केली आहे. तुमच्या गावी पडलेल्या टाळ्या पाहून साहेबांनी तो पुढच्या गावीही वापरला. मी घाबरलो, कारण तेही गाव 'तुमचाच शब्द' असे ऐकणार होते. काही झाले नाही. तिथेही क्षणभर सामसूम, मग माना, मग टाळ्या. बंदरात, गिरणीच्या वस्तीत, डोंगरात, सगळीकडे हाच अनुभव. प्रत्येक गावात कोणाची तरी आजी हे म्हणत असे. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर लेख लिहून शब्द आठशे वर्षांपूर्वीचा ठरवला आहे. लेख लहान, तळटीपा मोठ्या.

आता योजनाच निघाली आहे: 'प्रत्येक गावाची झाकूली'. प्रत्येक गावाचा वाटा सरकारने बाजूला काढून ठेवला आहे. अर्थखात्याने विचारले, झाकुलीत नेमके आहे काय? साहेब म्हणाले, दिसत असते तर तिला झाकुली कोण म्हणाले असते.

तुम्हाला काही बक्षीस देता येईल का, असे कचेरीत विचारत होते. मी म्हटले, भावोजींना एक चांगला शब्दकोश द्या, म्हणजे ते त्यातल्या चुका काढत बसतील. बिस्किटे सोडा आता.

तुमचा
बारकू


२ जानेवारी

प्रिय बारकू,

विनोद समजला. हसण्याइतका तो चांगला होता; परंतु मी एका तपासणीत गुंतलो आहे.

एकच शब्द इतक्या गावांत स्थानिक असू शकत नाही. एका वजनाचे दगड वेगवेगळ्या दुकानांत सापडले तरी शिक्का कोठे मारला गेला, हे शोधता येते. प्रथम मी दुकानदाराकडे गेलो. आपली आजी हा शब्द कोणत्या प्रसंगी वापरी, असे विचारले. पुष्कळ आढेवेढे घेतल्यानंतर त्याने सांगितले की, त्याची आजी त्याच्या जन्माआधीच वारली होती.

मग शेजारच्या शिवणवाल्या काकूंना विचारले. त्यांचा जन्म याच आळीतला, आणि तुझ्या ताईशी त्यांचे बोलणे भिंतीपलीकडून दिवसभर चाले. मशीनचा पाय न थांबवता त्या म्हणाल्या, "अहो, तो तुमच्या बायकोचा शब्द. तिच्याकडूनच ऐकला मी. मला वाटायचं, तिच्या माहेरचा असेल."

त्याअर्थी शब्द तुमच्या गावचा आहे आणि माझे अनुमान चुकले. मी खोट्या मापावर शिक्का मारून दिला. सेवेत असताना माझ्या हातून हे कधी घडले नव्हते. ही चूक साहेबांनी जाहीरपणे दुरुस्त करावी आणि शब्द तुमच्या गावाच्या नावे जमा करावा, अशी विनंती आहे.

तुझा
भावोजी


१५ जानेवारी

भावोजी,

तुमचे पत्र घेऊन मी आपल्या गावी आत्याकडे जाऊन आलो. आत्याला आता नीट दिसत नाही, पण गावातली शिवीसुद्धा ती अजून विसरलेली नाही. झाकुली म्हणजे काय, विचारले. मला म्हणाली, "असलं काही नव्हतं रे आमच्यात. आमच्यात उशिरा येणाऱ्याला बोलणी मिळायची."

मलाही आठवत नाही, भावोजी. तुमच्या पत्रात पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटले, ताईने तुमच्याकडे उचललेला शब्द. तुम्हाला वाटले, गावाचा. गावाला वाटले, आमच्याकडचा. तो कुठलाच नाही. परक्या गावात नवे बिऱ्हाड, ओळखीचे कोणी नाही, नवरा कुठल्या तरी बाजारात काट्यांशी भांडतो आहे, आणि ही ताट झाकून बसली आहे. तिथे बसल्या बसल्या तिने तो केला. दुसरीकडे कुठे तो नव्हताच.

ती माझी कोण, एवढे सोडून हे मी साहेबांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "म्हणजे त्यावर कोणत्याही गावाचा हक्क नाही. उत्तम."

फलक छापून झाले आहेत. आता माझ्या हातात काही नाही. उलट नवीनच निघाले आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस साहेब पुन्हा तुमच्या गावी येणार आहेत आणि 'झाकुलीचे जाणकार' म्हणून व्यासपीठावर तुमचा सत्कार करणार आहेत. तुम्ही नाही म्हणाल असे मी त्यांना सांगितले आहे. नाहीच म्हणा.

बारकू


६ फेब्रुवारी

प्रिय बारकू,

तुझे पत्र मी ओट्याजवळ उभ्यानेच वाचले. नंतर पुन्हा बसून वाचले. त्यात एकही चूक नव्हती.

येथील परिस्थिती कळवितो. साहेबांच्या विरोधकांना आता नवे काम मिळाले आहे. ते चौकात दोन ताटे आणतात, वरचे उचलतात, खालचे रिकामे ताट लोकांना दाखवतात आणि 'झाकूली उघडा' म्हणून ओरडतात. पुलाजवळच्या भिंतीवर 'झाकली मूठ सव्वा लाखाची, झाकली झाकूली फुकाची' असे रंगवले आहे. यमक जुळते, 'कू' त्यांचाही दीर्घच आहे. या एका बाबतीत दोन्ही पक्षांचे एकमत आहे.

काल मी तांदूळ आणावयास गेलो होतो. माझ्या पुढचे गिऱ्हाईक दुकानदारास म्हणाले, "उद्या देतो, परवा देतो, ही झाकुली मला नको. आज काय ते बोला." दुकानदार हसला. नंतर त्याने मला पाहिले. मी तांदूळ न घेताच परतलो.

बारकू, आज या गावात झाकुली म्हणजे थाप. मुलेसुद्धा एकमेकांस रिकामी मूठ पुढे करून हाच शब्द म्हणतात. मी वरचे ताट उचलले आणि खालचे रिकामे निघाले, असे इतक्या वर्षांत एकदाही घडले नाही. आम्हाला मूलबाळ नाही. तिची लुगडी काकूंनी गरजूंना वाटली, ते योग्यच झाले. तिचे म्हणून तिने स्वतः केलेले जगात एवढेच शिल्लक होते, आणि ते मीच बाहेर दिले. ते मला परत हवे आहे.

सत्कारास मी येईन. मानपत्र नको. दोन मिनिटे बोलावयास द्यावीत.

तुझा
भावोजी


१ मार्च

भावोजी,

तुम्ही व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून थेट फाटकाकडे गेलात. पुढचे तुमच्या कानावर गेले की नाही, मला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही जे बोललात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "हा शब्द या गावचा नाही. कोणत्याच गावचा नाही. माझ्या पत्नीचा आहे. ती आता नाही. तिच्या झाकुलीत जेवण असे. तुमच्या झाकुलीत काय आहे, मला माहीत नाही. त्याला कृपया दुसरे नाव द्यावे आणि हे मला परत करावे." मैदान गप्प झाले, पण ते पहिल्या सभेसारखे नव्हे. तुमच्या दुकानदाराने मान खाली घातली. मला वाटले, जमले. माझ्या तीन वर्षांत कोणीतरी प्रथमच बिनफोडणीचे बोलले होते.

मग साहेब उठले. त्यांनी चष्मा काढला, आणि मी कागदावर पुढची ओळ शोधू लागलो.

ते म्हणाले, "ती यांची पत्नी होती. पण माझी कोण होती, ते आज सांगतो. ती माझी बहीण होती. धाकट्या भावाची झाकूली ठेवणारी थोरली बहीण."

भावोजी, लोक रडले. तुमचे बोलणे आणि त्यांचे बोलणे मिळून एकच भाषण आहे, अशी सगळ्यांची समजूत झाली, आणि टाळ्या दोघांच्या नावे पडल्या.

मी व्यासपीठामागे भाषणाचा कागद धरून उभा होतो. त्यावर हे नव्हते. साहेब कागदाबाहेरचे पहिलेच वाक्य बोलले, आणि ते इतके बेमालूम होते की मला त्यात माझेच अक्षर दिसले. नाते आम्ही ठरवतो, असे मीच तुम्हाला ऐटीत लिहिले होते. दहा आज्यांनी हरकत घेतली नाही, कारण त्या नव्हत्याच. भाऊ मात्र होता, कागद हातात धरून.

खाली उतरल्यावर साहेबांनी विचारले, "कसं झालं?" मी म्हटले, ती माझी बहीण. ते म्हणाले, "मग आधी नाही का सांगायचंस? पुढच्या सभेत तुलाच उभा करू."

मी कागद त्यांच्या हातात दिला आणि चालू लागलो. नोकरी सुटली, असे म्हणतात त्याला. मला तरी धरलेला हातच सुटल्यासारखा वाटला. तुमच्या दारापर्यंत आलो होतो. कडीला हात लावण्याचा धीर झाला नाही. परत फिरलो.

बारकू


७ मार्च

प्रिय बारकू,

कर्णे पुलापर्यंत लावलेले होते. मला सर्व ऐकू आले. कठडा नसल्यामुळे मी पुलाच्या मधून चाललो होतो, हे बरे झाले.

मला वाईट कशाचे वाटले, ते सांगतो. त्यांनी तिला बहीण म्हटले त्याचे नव्हे; त्यांना आजोळे पुष्कळ आहेत, बहिणीही असतील. त्या घटकेस तू एकटा उभा असशील, हे माझ्या ध्यानात आले आणि मी माघारी वळलो नाही, त्याचे वाटले.

शब्दाची साथ ओसरत चालली आहे. साहेब आता दुसऱ्या प्रांतात गेले असून तेथे त्यांनी नवा शब्द घेतल्याचे वर्तमानपत्रात आले आहे. तो कोणाच्या स्वयंपाकघरातला आहे, कोण जाणे. भिंतीवरच्या ओळीवर साबणाची जाहिरात रंगवली गेली. काल दुकानदाराने मला तांदूळ तोलून दिले, काट्यावरून हात उचलला आणि हळूच म्हणाला, "ती आजीची गोष्ट... राहू द्या, निरीक्षकसाहेब." मी म्हणालो, राहू दिली.

अलीकडे मी स्वयंपाक करून पाहतो. शिवणवाल्या काकू भिंतीपलीकडून शिकवतात. किती घालू असे विचारले की 'अंदाजानं' म्हणतात. आमच्या खात्यास हे माप मान्य नव्हते.

तू दारापर्यंत येऊन परत गेलास, हे मला मुळीच मान्य नाही. तुमच्या आत्यांच्या घरी काय पद्धत असेल ती असो. या घरात उशिरा येणाऱ्यास बोलणी बसत नाहीत. निघून ये. किती दिवस राहणार, हे आधी ठरवू नये.

तुझा
भावोजी


१३ मार्च, ओट्यावर

बारकू,

तुझी गाडी केव्हा पोचेल, याचा भरवसा नाही. पुलाच्या कठड्यासाठी मी केलेल्या अर्जाची सुनावणी नेमकी आजच ठेवल्यामुळे मला नगरकचेरीत जावे लागले. किल्ली शिवणवाल्या काकूंकडे आहे. हे तुला कळलेच असेल, कारण तू आत आहेस.

तुझा वाटा येथे झाकून ठेवला आहे. वरचे ताट उचलून खात्री करून घ्यावी.

भावोजी


(त्याच कागदावर, खाली)

भावोजी,

खात्री केली. मीठ दोनदा पडले आहे. हयातभर लोकांचे काटे तपासलेत आणि घरी ही गत! तरी ताट पुसून संपवले.

तुमची सुनावणी लांबलेली दिसते. बिस्किटांचा डबा मी काकूंना देऊन टाकला आहे, शोधू नका. स्वयंपाक पुन्हा केला. मीठ अंदाजाने, एकदाच. काकूंच्या मशीनचा पट्टा निसटला आहे, तो बसवायला पलीकडे जातो. आलात की भिंतीवरून हाक मारा. आधी मात्र जेवून घ्या.

'कु' ऱ्हस्वच काढला आहे, तपासून पाहा: झाकुली ठेवलीय.

बारकू